वकीलबाई, त्या एकोणीस काटांबद्दल

आदरणीय वकीलबाई,

स. न. वि. वि.

मार्चात हापूसची पहिली पेटी घेऊन आलो तर तुम्ही ती फीमध्ये धरून पावती फाडायला निघालात. म्हणून आभार असे उघड पत्रातून मानतोय. पत्राची पावती होत नाही.

देवगडच्या आमच्या सामाईक बागेचा वाटप-हिशेबाचा दावा घेऊन आलो, तेव्हा माझ्या हातात समोरच्याकडून मागायच्या २२ कागदांची यादी होती. चुलतभावाकडच्या ३० वर्षांच्या वह्या, वाशीच्या दलालांच्या सगळ्या पट्ट्या (विक्रीचे हिशेब), फवारणीची बिलं, राखणदाराच्या उचलीच्या चिठ्ठ्यासुद्धा! तुम्ही लाल पेनाने १९ ओळींवर काट मारलीत. "कोर्ट म्हणेल, जाळं टाकून बसलाय. वादाला लागेल तेवढंच मागा." त्या रात्री मी तुमच्या नावाने बोटं मोडली, हे आता कबूल करतो.

पुढचं त्याहून जड गेलं. समोरच्यांनी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ नियम १२ खाली अर्ज दिला: वादीने आपल्याकडचे कागद शपथेवर सांगावेत. माझ्या ट्रंकेत बाबांची निळ्या पुठ्ठ्याची वही होती आणि तिच्यात काकांकडून उचललेल्या ४० हजारांची नोंद. ठाऊक होती ती मला आणि बायकोला. तुम्ही विचारलंत, "आणखी काही?" मी पंख्याकडे बघत बसलो. तुम्ही फाईल मिटलीत. "जे आहे ते यादीत येणार नसेल, तर दुसरा वकील बघा." दुसऱ्या दिवशी वही तुमच्या टेबलावर ठेवली.

चुलतभावाचं म्हणणं, वह्या वाळवीने खाल्ल्या. तुम्ही त्याचीच कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर, उघडून एका वाक्यावर बोट ठेवलंत: वहीखात्याप्रमाणे खर्च वजा जाता शिल्लक राहत नाही. कैफियतीत ज्या कागदाचा हवाला दिला, तो नियम १५ खाली नोटीस देऊन बघायला मागता येतो. नोटिशीचे दहा दिवस कोरडे गेले, मग अर्ज, मग हुकूम. हुकूम मोडला तर नियम २१ प्रमाणे बचावच काढून टाकला जाऊ शकतो, एवढी आठवण तुम्ही त्यांच्या वकिलांना व्हरांड्यात करून दिलीत. वाळवीने वह्या आठवड्यात परत केल्या.

धंद्याच्या वह्या असतात तिथेच बघायच्या, म्हणून भर जुलैत भावाच्या पडवीत. पाच वर्षांनी त्या घराची पायरी चढलो. बाहेर कौलांवर पाऊस, आत दमट कागदाचा वास. तोंड उघडायचं नाही, ही तुमची ताकीद. एका पानावर पेट्यांचा आकडा ब्लेडने खरवडून वर दुसऱ्या शाईने लिहिलेला. मी उठलोच होतो, तुम्ही बाही धरून खाली बसवलंत. पुढे त्या पानाची नक्कल शपथपत्रासह कोर्टात आली, खाडाखोड जिथल्या तिथे नोंदवून. तुमच्या तोंडी 'लबाडी' हा शब्द एकदाही आला नाही. आणि काकी मला म्हणाली, "इतक्या वर्सांनी इलंस, चाय घे."

आता पेट्यांच्या आकड्यांवर दोघांची पुरशीस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) झालीय, बाबांचे ४० हजार वजा धरून. वाटप बाकी आहे, भांडू.

पुढच्या तारखेला पेटी आणत नाही. काकीने तुमच्यासाठी आमसुलं दिलीत. ती समोरच्या पक्षाची, तेव्हा घेता येतील का, तेवढं बघून ठेवा.

आपला,
तुमचा वादी