कळव्याच्या सेवा केंद्रातल्या ताईंना, एका नाईकांच्या वतीने

ताई,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आमच्या नाईकांच्या (नाईक हा त्यांचा फौजेतला हुद्दा) खात्यात पेन्युरी ग्रँटचे, म्हणजे पेन्शन नसलेल्या म्हाताऱ्या माजी सैनिकांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचे, पहिले ८,००० रुपये जमा झाले. तुम्हाला मेसेज केला तेव्हा तुमचं उत्तर आलं, ‘अर्ज भरला, एवढंच.’ नाही ताई, एवढंच नाही. म्हणून कळवा-ठाण्यातले पायदळातून निवृत्त झालेले आम्ही काही जण हे पत्र लिहितो आहोत, आणि चारचौघांनी वाचावं म्हणून उघड लिहितो आहोत.

नाईक १९६६ साली बेळगावला मराठा सेंटरमध्ये भरती झाले. १९७५ मध्ये घरची अडचण आली आणि स्वतःच्या विनंतीवरून सुटले. जवानाची पंधरा वर्षं भरली नाहीत तर पेन्शन नाही. थोडी ग्रॅच्युइटी एकदा मिळते, ती बहिणीच्या लग्नात गेली. मग ठाण्यात येऊन वागळे इस्टेटच्या कारखान्यांत रखवालदारी, बहुतेक रात्रपाळीच. कारखाने एकेक करून बंद झाले, तशी नोकरीही बदलत गेली. लढाई केलेला पण पेन्शन नसलेला माजी सैनिक असू शकतो, हेच पुष्कळांना माहीत नसतं. त्यांना वाटतं, फौजी म्हणजे पेन्शन आणि कॅन्टीन.

१९७१ ला ते जंगी पलटणीत होते, म्हणजे पहिल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत. ब्रह्मपुत्रा ओलांडून पलटण तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या पाठीमागे जाऊन बसली. समोर पाकिस्तानची ३१ बलुच पलटण. शरण या, असं पत्र आपल्या ब्रिगेडिअर क्लेर यांनी धाडलं, तर त्यांच्या कमांडरने उत्तरासोबत बंदुकीची गोळी पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री तीच बलुच पलटण वेढा फोडायला बाहेर पडली आणि मराठ्यांच्या मोर्चांवर पुन्हा पुन्हा धडकली. ११ तारखेला जमालपूर पडलं. त्या रात्री नाईक एल.एम.जी.चे, म्हणजे हलक्या मशीनगनचे, नंबर एक होते: गन चालवणारे.

एल.एम.जी.बद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण पुढचं सगळं तिथून आलं. तेव्हाची एल.एम.जी. म्हणजे ७.६२ मि.मी.च्या गोळीची केलेली ब्रेन गन. गोळ्यांचं मॅगझिन वरून बसतं, म्हणून नेम धरायची शिस्त डाव्या बाजूला असते, म्हणून ती उजव्या खांद्यावरूनच चालवावी लागते. उजवा गाल दस्त्याला टेकला की डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो. दहा मॅगझिन सलग गेली की नंबर दोनने नळी बदलायची. कानात घालायला कापसाशिवाय काही नसे, आणि कापूस घातला तर सेक्शन कमांडरचा हुकूम ऐकू येत नाही, म्हणून तोही कोणी घालत नसे. नाईकांचा डावा कान तिथे गेला, उजवाही थोडा बसला. सुटताना डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ‘काही त्रास नाही’ म्हणाले. त्रास सांगितला की तपासण्या लांबतात आणि घरी जायला उशीर होतो, हे प्रत्येक जवानाला ठाऊक असतं.

असा कान गेला की आवाज येतो, शब्द कळत नाहीत. आधी जातात ते बारीक आवाज: स, श, त, ठ. स्वर ऐकू येतो, व्यंजन गळतं. ओरडून काही उपयोग नाही, ओरडल्याने तेच शब्द आणखी फाटतात. डोक्यावर पंखा घरघरत असला की आणखीच वाईट.

आता तुमच्याकडे येण्याआधी काय झालं ते बघा. नाईकांचं डिस्चार्ज बुक २६ जुलै २००५ च्या पुरात चाळीत भिजून गेलं. शाईचा नुसता डाग राहिला. दुसरी प्रत मागवायची तर रेकॉर्ड ऑफिसला फौजी नंबर बरोबर गेला पाहिजे. नाईकांना नंबर तोंडपाठ. कुठलाही जवान तो मरेपर्यंत विसरत नाही. पण एका खिडकीवरच्या बाबूने तो घाईत लिहिला आणि काचेआडून विचारलं, ‘आठ ना?’ नाईकांना ऐकू आलं ‘सात’. त्यांनी मान हलवली. एक आकडा चुकला. उत्तर आलं, तपशील जुळत नाही. त्यानंतर जिथे गेले तिथे तोच चुकलेला कागद पुढे केला गेला. कोणी म्हणालं, आजोबांना भ्रम झालाय. कोणी म्हणालं, घरचं माणूस घेऊन या. एक एजंट काम करून देतो म्हणून टक्केवारी मागत होता. शाल-श्रीफळ द्यायला मात्र २६ जानेवारीला त्यांना न चुकता बोलावणं असायचं. व्यासपीठावर बसवणाऱ्यांपैकी एकानेही ‘तुमचे कागद आहेत का?’ असं विचारलं नाही.

तुम्ही काय केलंत? नाईक बोलताना मान डावीकडे वळवतात, उजवा कान पुढे आणतात, हे तुम्ही पाहिलंत. काउंटरमागून उठलात, स्टूल घेऊन त्यांच्या उजव्या बाजूला बसलात, पंखा बंद केलात. आवाज वाढवला नाहीत, उलट खाली आणून सावकाश बोललात. नंबरचा एकेक आकडा कोऱ्या कागदावर बोटभर मोठा लिहून त्यांच्यापुढे धरलात आणि ‘हाच ना?’ विचारलंत. सातव्या घरातल्या आकड्यावर ते थांबले आणि म्हणाले, ‘सात.’ चूक तिथेच सापडली. कोणाला वाटेल, यात काय मोठं? इतक्या खिडक्यांवर इतक्या माणसांना जे सुचलं नाही, ते यात आहे.

मग तुम्ही नाईकांचं १९७१ चं संग्राम मेडल घरून मागवलंत. त्याच्या कडेवर नंबर, नाव, रेजिमेंट कोरलेलं असतं, हे आमच्यातल्याच एकाने सांगितलं होतं, पण अक्षरं झिजलेली. तुम्ही पातळ कागद कडेभोवती गुंडाळून वरून शिसपेन्सिल आडवी फिरवलीत आणि आकडे पांढरे उमटले. नाईकांनी सांगितला तोच नंबर. (मेडलवाल्या घरांना एक विनंती: ब्रासो लावून कडा घासू नका. चकाकी येते, नाव जातं.)

पुढचे कागद कुठून कुठे गेले ते सांगत बसत नाही. बेळगावहून प्रत आली, माजी सैनिकाचं ओळखपत्र झालं, अर्ज मंजूर झाला. पासष्टीपुढच्या, पेन्शन नसलेल्या, हवालदारापर्यंतच्या हुद्द्याच्या माणसाला ही मदत मिळते. आधी महिना ४,००० होती, २०२५ मध्ये ८,००० झाली. योजना होती, पैसेही होते. समोरच्याचं म्हणणं पुरतं ऐकून घेणारं माणूस तेवढं हवं होतं. अशी माणसं आहेत म्हणून सरकारी योजना गरिबापर्यंत पोचतात. ती मोठ्या हुद्द्यावर असावी लागत नाहीत. तुमच्या दुकानात दोन संगणक, एक प्रिंटर आणि तुम्ही.

तुम्ही फी फक्त झेरॉक्सची घेतलीत. नाईकांना ते लागून राहिलं आहे, तर पुढच्या वेळी चहाला नाही म्हणू नका.

आणि एक काम आहे. दिव्याच्या एका वीरपत्नींना आम्ही तुमच्याकडे पाठवतो आहोत. त्यांच्या यजमानांच्या फौजी नोंदीत बाईंचं माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. लग्नात नाव बदललं, ते पलटणीला कोणी कळवलंच नाही. गावच्या सरपंचांचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र आम्ही करून ठेवलं आहे. बाईंना वाचता येत नाही, अंगठा उठवतात, आणि कष्टाच्या कामाने अंगठ्याच्या रेषा पुसल्या आहेत, त्यामुळे मशीन तो घेत नाही. चेहऱ्यावरून पडताळणी होते का, ते आधी बघा. मंगळवारी सकाळी येतील.

जय हिंद.

आपले,
कळवा-ठाणे परिसरातील काही माजी सैनिक