घरच्या कार्यशाळेतील विमान

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले, त्याचे कौतुक झाले ते योग्यच; परंतु या छंदाची परंपरा फार जुनी आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात बर्नार्ड पीटेनपोल या स्वयंशिक्षित मेकॅनिकने १९२९ साली फोर्ड मॉडेल ए मोटारीचे इंजिन बसवून ‘एअर कँपर’ हे दोन आसनी विमान उडवले आणि त्याच्या आराखड्यांवरून आजही हौशी माणसे ते घरी बांधतात. स्प्रूस लाकडाच्या बारीक पट्ट्या साच्यात बसवून, सांध्यांवर प्लायवुडचे तुकडे चिकटवून पंखाची एकेक फासळी घडवली जाते. मग सांगाड्यावर चढवलेले कापड डोप या रोगणासारख्या द्रवाचे थर दिल्यावर आकसते आणि ढोलाच्या पानासारखे ताठ होते. हे काम घाईने होत नाही, आणि होऊही नये. अमेरिकेत निम्म्याहून अधिक बांधणी हौशी माणसांनी शिकण्यासाठी वा छंद म्हणून केली असेल, तर तपासणीनंतर विमानाला ‘प्रायोगिक’ वर्गात परवानगी मिळू शकते. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी असे एखादे विमान विद्यार्थ्यांच्या हातून बांधून घ्यावे आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्यांना पहिल्या फासळीपासून मार्गदर्शन द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे