विस्मरणाआधी मंदावतो तो विचाराचा वेग

महोदय,

स्मृतिभ्रंशाची पूर्वलक्षणे सांगणाऱ्या लेखांत पहिला प्रश्न बहुधा ‘विसरायला होते का?’ हाच असतो. अल्झायमरसाठी तो योग्यच आहे. पण मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आनुवंशिक आजारात, विशेषतः कॅडासिलमध्ये, एवढ्याच प्रश्नावर थांबले तर आजाराची सुरुवात नजरेतून निसटते.

कॅडासिलचे मूळ १९व्या गुणसूत्रावरील नॉच३ या जनुकातल्या दोषात आहे. १९९६ साली फ्रान्समधील संशोधकांनी ते दाखवून दिले. रक्तवाहिनीच्या भिंतीतील स्नायुपेशींभोवती प्रथिन साचते, भिंत जाड व ताठर होते आणि मेंदूच्या खोल भागातील पांढऱ्या द्रव्याला रक्त अपुरे पडते. मेंदूच्या पुढच्या भागाला इतर भागांशी जोडणारे तंतू याच द्रव्यातून जातात. त्यामुळे माहितीची साठवण बराच काळ शाबूत राहते. ती शोधायला, जुळवायला आणि वापरायला मात्र वेळ लागू लागतो.

चाळिशीतला माणूस हिशेब अचूक करतो, पण दुप्पट वेळ घेतो. फोन आला की हातातले काम ठप्प होते. चारचौघांच्या गप्पांत त्याचे उत्तर विषय बदलल्यावर येते. सात-आठ टप्प्यांचे काम कुठून सुरू करावे हेच सुचत नाही. पुढाकार आटतो आणि घरचे त्याला आळशी ठरवतात. ही उदासीनता आजाराचाच भाग असू शकते. मन खिन्न नसते, अपराधी वाटत नसते, फक्त आतून उठून काही करावेसे वाटत नाही. नैराश्यही या आजारात वारंवार दिसते आणि त्यावर उपचार करायलाच हवेत. पण दोन्ही गोष्टी एकच समजल्या की गोळ्या वाढत जातात आणि माणूस आहे तिथेच राहतो.

चाचणीची निवड इथे निर्णायक ठरते. सर्रास वापरली जाणारी ३० गुणांची एमएमएसई ही स्मरण-विचारशक्तीची झटपट चाचणी तारीख-वार-ठिकाण यांनाच १० गुण देते आणि वेळ मोजत नाही. सावकाश पण बरोबर उत्तरे देणारा रुग्ण २९ गुण मिळवून ‘सर्व ठीक’ असा शेरा घेऊन बाहेर पडतो. तशीच झटपट घेतली जाणारी मोका ही चाचणी अधिक उपयोगी, मात्र एकूण गुणांपेक्षा गुण कुठे गेले ते पाहावे. आकडे आणि अक्षरे आलटूनपालटून जोडण्याच्या चाचणीत केवळ आकडे जोडायला लागलेला वेळ वजा करावा, म्हणजे हाताचा संथपणा वेगळा काढता येतो. एका मिनिटात ठरावीक अक्षराचे किती शब्द सुचतात तेही नोंदवावे. लक्षात ठेवायला दिलेली शब्दयादी २०-३० मिनिटांनी विचारताना अडखळलेल्या रुग्णाला सूचक इशारा द्यावा. इशाऱ्याने शब्द आठवले तर साठवण बहुधा टिकून आहे. अल्झायमरमध्ये इशाऱ्याचा उपयोग सहसा फारसा होत नाही. निकाल वय आणि शिक्षणाशी ताडूनच वाचावा. अर्धशिशीच्या झटक्यात किंवा पक्षाघातानंतर लगेच केलेली चाचणी दिशाभूल करते. पुढच्या खेपेला तीच प्रश्नपत्रिका दिली तर सरावाने गुण वाढतात आणि खरी घसरण झाकली जाते.

एमआरआयमध्ये कानशिलामागील भागाच्या पुढच्या टोकाला पांढरे डाग दिसणे हा महत्त्वाचा संकेत. साधारण पस्तिशीपर्यंत डाग जवळपास सर्व दोषवाहकांत दिसतात, तेही काही वेळा एकही तक्रार नसताना. कधी त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा वेगळाच आजार समजले जाते. डाग किती पसरलेत यावरून बुद्धीचा अंदाज बांधणे मात्र चुकीचे. लहान लहान इन्फार्क्ट (रक्त न मिळाल्याने मेलेले मेंदूचे भाग) आणि मेंदूचे घटलेले आकारमान यांचा बुद्धीच्या घसरणीशी संबंध अधिक घट्ट आहे.

आजार थांबवणारे औषध अद्याप नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या १६८ रुग्णांच्या अभ्यासात डोनेपेझिल या अल्झायमरवरील औषधाने मुख्य निकषावर फरक पडला नाही. म्हणून जे हातात आहे ते घट्ट धरावे: रक्तदाब आटोक्यात, धूम्रपान पूर्ण बंद. लघवीच्या घाईसाठी किंवा ॲलर्जीसाठी दिलेल्या काही जुन्या औषधांनी विचार आणखी मंदावतो, तेव्हा औषधांची यादी डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. कामाच्या ठिकाणी एका वेळी एकच काम, लेखी टप्पे आणि जास्त वेळ मिळाला तर पुष्कळ जण नोकरी टिकवू शकतात.

जनुकचाचणी मागवताना नॉच३चे एक्सॉन (जनुकाचे क्रमांक दिलेले तुकडे) २ ते २४ सगळे तपासले जाणार का, हे आधी विचारावे. मोजकेच एक्सॉन पाहून आलेला ‘दोष नाही’ हा अहवाल पुरेसा नसतो. पालकांपैकी एकाला दोष असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. तरीही लक्षणे नसलेल्या अल्पवयीन मुलांची चाचणी करू नये. सज्ञान झाल्यावर, समुपदेशनानंतर, निर्णय त्यांनी स्वतः घ्यावा. न घेण्याचा हक्कही त्यांचाच.

— मेंदू-मानसशास्त्रीय चाचण्यांच्या क्षेत्रातील एक वाचक