केडलस्टनहून परतल्यावर

ती. बाबा आणि ती. आई यांना,
सा. न. वि. वि.

आई, हे पत्र बाबांना सावकाश वाचून दाखव. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, पण ऑपरेशन होऊन अजून महिनाही झालेला नाही, तेव्हा त्यांनी कितीही हट्ट केला तरी कागद त्यांच्या हातात देऊ नकोस. मधेच ते ‘थांब, ते परत वाच’ म्हणतील. म्हटले तर परत वाच. काल फोनवर सांगायला घेतलं होतं, पण तुम्ही दोघं एकदम बोलायला लागलात आणि राहूनच गेलं.

शनिवारी मी केडलस्टन हॉलला जाऊन आले. डर्बीपासून सहा-सात किलोमीटरवर, भोवती सगळी शेतं आणि कुरणं. बाबा, हे लॉर्ड कर्झनचं घर. 1859 च्या जानेवारीत तो इथे जन्मला. मी तुमच्या वर्गात होते तेव्हा तुम्ही फळ्यावर बंगालचा नकाशा काढायचात आणि बाजूला फाळणीची तारीख लिहायचात, 16 ऑक्टोबर 1905. मग खडू आडवा धरून नकाशाच्या मधून एकच रेघ ओढायचात. वर्ग गप्प व्हायचा. ज्याने ती रेघ ओढली तो माणूस लहानपणी कुठल्या अंगणात खेळला असेल, असं मला तेव्हा कधी वाटलं नव्हतं. शनिवारी दिवसभर तेच वाटत होतं.

मैत्रिणीने गाडीने क्वार्न्डन गावापर्यंत सोडलं, पुढे मी चालत गेले. इथे शेतांमधून पायवाटा असतात. जमीन कुणाचीही असो, वाट सगळ्यांची. खांबावर पिवळा बाण दिसला की बिनधास्त जायचं, कुंपण आडवं आलं तर तिथे लाकडी पायरी केलेली असते. अट एवढीच की फाटक उघडलं तर मागे वळून लावायचं. सप्टेंबर संपत आलाय, त्यामुळे कुंपणाच्या झुडपांवर काळीभोर ब्लॅकबेरी लगडली होती. मी मूठभर तोडून खाल्ली, बोटं जांभळी झाली. आई, आपण जांभळं खाऊन एकमेकींना जीभ दाखवायचो, तेच आठवलं. गवत दवाने ओलं होतं, बूट पार भिजले. काळजी करू नकोस, आल्याबरोबर पाय कोरडे केले.

मग एक चढ संपतो आणि समोर ते घर दिसतं. खाली तळं, तळ्यावर तीन कमानींचा दगडी पूल, त्यापलीकडे उतरत जाणारं हिरवं रान, त्यात जुने ओक एकमेकांपासून लांब लांब उभे, आणि मागे सगळ्यावर नजर ठेवून असलेलं ते खांबांचं घर. मी तिथेच थांबले. इतकं सुंदर दृश्य मी या देशात दुसरं पाहिलेलं नाही, हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला वाटेल की मला ते आवडलंच नाही.

यातलं काहीच आपोआप झालेलं नाही. 1759 साली सर नॅथॅनियल कर्झन यांनी जुनं घर पाडून हे नवं बांधायला घेतलं. रॉबर्ट अ‍ॅडम हा तेव्हा तिशीतला वास्तुकार होता. त्याला आधी बागेचं काम मिळालं आणि मग सगळं घरच त्याच्या हाती आलं. ओढा अडवून तळी केली. रस्ता होता तो दूर वळवला. आणि घराला लागून केडलस्टन नावाचं गाव होतं, ते खिडकीतून दिसायला नको म्हणून उचलून लांब नेलं. गावाचं चर्च तेवढं राहिलं, घराला अगदी खेटून. बाबा, तुम्ही म्हणता ना, देऊळ आहे आणि गाव नाही असं दिसलं की तिथे काहीतरी घडलेलं असतं. तसंच. मी गवतात घरांच्या जोत्यांच्या खुणा शोधत फिरले. मेंढ्या चरत होत्या, बाकी काही नाही. मेंढ्या बागेत येऊ नयेत म्हणून मधे एक खोल चर आहे, आतून भिंत बांधलेला. घरातून पाहणाऱ्याला तो दिसत नाही, हिरवळ एकसंध वाटते. मी काठावर जाऊन उभी राहिले तेव्हा कुठे मला तो कळला.

आतलं सगळं सांगत बसत नाही. पण दिवाणखान्याआधीचा जो मोठा मंडप आहे, त्यात अलाबास्टर नावाच्या दगडाचे 20 खांब आहेत, त्याच भागातल्या खाणींमधले. गुलाबी-तपकिरी, आत शिरा. मटण धुतल्यावर दिसतं तसं, असं आई म्हणेल आणि ते अगदी बरोबर आहे. त्याच्यामागे घुमटाखालचं गोल दालन, रोमच्या पँथिऑनवरून घेतलेलं. घरातल्या माणसांनी राहायचं ते बाजूच्या भागात, मधला भाग मुळात लोकांनी बघून थक्क व्हावं म्हणूनच बांधलेला. आणि लोक तेव्हापासून येत होते. घराची व्यवस्था बघणाऱ्या मिसेस गार्नेट हातात माहितीपुस्तिका घेऊन पाहुण्यांना घर दाखवायच्या. त्यांचं तैलचित्र आहे तिथे. उमरावांच्या घरात चाकरी करणाऱ्या बाईचं चित्र! म्हातारा, शांत चेहरा. मी त्या चित्रासमोर सगळ्यात जास्त वेळ उभी होते.

बाबा, आता ही गोष्ट तुमच्यासाठी. या घराच्या आराखड्यात चार कोपऱ्यांना चार इमारती होत्या. इथे दोनच झाल्या. पण 1803 साली कलकत्त्यात गव्हर्नमेंट हाऊस उभं राहिलं, ते याच घराच्या आराखड्यावर, आणि तिथे चारही झाल्या. कर्झन 1899 साली व्हाइसरॉय म्हणून तिथे राहायला गेला, म्हणजे आपल्या वडिलांच्या घराची पूर्ण झालेली प्रतिकृती त्याला कलकत्त्यात मिळाली. इथे अर्धं राहिलेलं स्वप्न तिथे कुणाच्या पैशाने पुरं झालं, हे तुम्हाला सांगायला नकोच.

त्याच्या लहानपणाचीही एक गोष्ट आहे. त्याला सांभाळणारी शिक्षिका फार क्रूर होती. ती मारायची. खोटारडा, भित्रा असे शब्द लिहिलेली उंच टोपी घालून तिने त्याला गावातून फिरवलं होतं. मला त्या मुलाची दया आली, बाबा. मनापासून आली. आणि लगेच फळ्यावरची रेघ आठवली, पण दया गेली नाही. दोन्ही तसंच राहिलं.

खालच्या मजल्यावर त्याचं संग्रहालय आहे. तरुणपणी आशियाभर फिरताना आणि पुढे व्हाइसरॉय असताना जमवलेल्या वस्तू. हस्तिदंत, चांदी, शस्त्रं, भरजरी कापडं. काही मानपत्रांसोबत आलेल्या, काही विकत घेतलेल्या. नॅशनल ट्रस्ट ही संस्था 1987 पासून हे घर सांभाळते. तिने 2020 मध्ये आपल्या 93 वास्तूंचा गुलामगिरीशी आणि वसाहतींशी असलेला संबंध मांडणारा अहवाल काढला, त्यात केडलस्टनही आहे. त्यावरून इथे बरीच वादावादी झाली. मला विचाराल तर असं सांगितलं गेलंच पाहिजे, त्याने घराची शोभा कमी होत नाही.

पण तुम्ही कर्झन शिकवताना त्याच तासाला 1904 चा प्राचीन स्मारकांचा कायदाही शिकवायचात. पुरातत्त्व खात्याला त्यानेच नवा जीव दिला, ताजमहालाच्या बागा त्यानेच नीट करवून घेतल्या. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं होतं, ‘सर, मग तो चांगला होता की वाईट?’ आणि तुम्ही म्हणाला होतात, ‘दोन्ही लिहा, मार्क दोन्हीचे आहेत.’ सगळे हसले होते. तुम्ही हसला नव्हतात. इंग्लंडला परत आल्यावर त्याने लिंकनशरमधला टॅटरशॉल किल्ला विकत घेतला. त्याच्या दगडी शेकोट्या उपटून विकायला निघाल्या होत्या, त्या परत मिळवून जागेवर बसवल्या, आणि पुढे तो किल्ला मृत्युपत्राने नॅशनल ट्रस्टला दिला. हे मला नव्याने कळलं. आपल्याकडच्या जुन्या वास्तूंबद्दल त्याला जे वाटत होतं ते खरंच वाटत होतं, एवढं यावरून नक्की. त्या वास्तूंमधल्या माणसांबद्दल काय वाटत होतं, ते संग्रहालयात कुठे सापडलं नाही.

आता आई, तुझं. तिथे एक पोशाख आहे. 1903 च्या दिल्ली दरबाराच्या वेळी मेरी कर्झन, त्याची बायको, तो नेसून लाल किल्ल्यातल्या समारंभाला गेली होती. दिल्ली आणि आग्र्याच्या कारागिरांनी कापडावर जरदोजीने मोरपिसं भरली, मग ते कापड पॅरिसला जाऊन शिवलं गेलं. वजन साडेचार किलोच्या आसपास. अगं, एकही जागा रिकामी नाही! पीस संपतं तिथे दुसऱ्याचं टोक सुरू होतं. प्रत्येक पिसाच्या डोळ्यात जो हिरवा ठिपका आहे तो खडा नव्हे, तो भुंग्याचा पंख आहे. जर आता काळवंडली आहे, तिची चमक गेली. पंख मात्र काल बसवल्यासारखे हिरवे-निळे दिसतात, कारण त्यांचा रंग रंगद्रव्याचा नसतो, पंखाच्या घडणीतूनच येतो, म्हणून उडत नाही.

तू मला भरतकाम शिकवताना म्हणायचीस, वरची बाजू कुणीही बघतं, उलटी बाजू बघ म्हणजे हात कळतो. मी त्या काचेभोवती तीन वेळा फिरले. उलटी बाजू कुठूनच दिसत नाही. कुठे कडेला एखादा टाका सैल झालाय का, दोरा कुठे संपवलाय, काही नाही. दिवाही मंद होता, प्रकाशाने कापड खराब होऊ नये म्हणून. कुठल्या हाताने कुठला डोळा भरला, त्या माणसाला त्या दिवशी घरी जायला किती उशीर झाला, हे मला फार हवं होतं. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी विचारलं, तुमच्याकडे असं काम अजून होतं का? मी म्हटलं, हो, आणि माझ्या आईने मला दोन टाके शिकवले आहेत. माझा गळा भरून आला, का ते त्या बाईंना कळलं नसेल.

मेरी 1906 साली गेली, अवघी 36 वर्षांची. चर्चमध्ये तिचा संगमरवरी पुतळा निजलेला आहे, शेजारी कर्झनचा. तिथे फार थांबले नाही, थंडी वाजायला लागली होती.

परतताना पुन्हा त्याच पायवाटेने आले. ऊन तिरपं झालं होतं. त्या रानातले काही ओक आतून पोकळ झालेत, अर्धे वठलेत, पण ते कुणी तोडत नाही. मेलेल्या लाकडात जगणारे दुर्मीळ किडे आणि भुंगे तिथे आहेत म्हणून ते रान कायद्याने राखलेलं आहे. पुलाच्या अलीकडे थांबून मी एकदा मागे पाहिलं आणि जिथे गाव असेल असं वाटतं तिकडे पाहिलं. आई, उलट्या बाजूचं तुझं वाक्य तेव्हाही आठवलं.

मी तुम्हाला इथे या म्हणते तेव्हा बाबा दर वेळी गुडघ्यांचं कारण काढतात. म्हणून मी या वेळी सगळं बघून आले. संग्रहालय खालच्या मजल्यावर आहे, बाहेरचा मोठा जिना चढायला नको. गाडी जवळपर्यंत जाते. पायवाट मी एकटी चालेन, तुम्ही दोघं पुलाजवळ बसून राहा, तिथून घर पूर्ण दिसतं. मे महिन्यात दिवस मोठा असतो, तोवर डोळाही पूर्ण बरा होईल. बाबा, मला तुमच्या तोंडून त्या घरासमोर उभं राहून तो तास परत ऐकायचाय.

व्हिसाचे कागद मी इथून पाठवते, तुम्ही फक्त फोटो काढून घ्या. आई, येताना शिवणाच्या डब्यातलं तुझं भिंग आण. काचेच्या डाव्या अंगाला खाली एक शिवण आहे, तिथे कापड जरा दुमडल्यासारखं वाटतं. मला नीट दिसलं नाही. तुला दिसेल.

तुमची,
धाकटी