बारशाचं जेवण आणि हॉलमधला गोंधळ : डिपॉझिट भरून देण्याबाबत

मा. व्यवस्थापक,
स. न. वि. वि.

गेल्या शनिवारी वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला, गावच्या हॉलमध्ये, माझ्या मुलीचं बारसं झालं. जेवणाचं काम तुमच्या केटरिंगकडे होतं. चवीबद्दल तक्रार नाही. मसालेभात लोकांनी मागून मागून घेतला. तक्रार आहे ती तुमच्या माणसांनी हॉलचं जे केलं त्याची.

हे मंगल कार्यालय नव्हे, हे मी तुम्हाला फोनवर दोनदा सांगितलं होतं. इथे मॅनेजर नाही, झाडलोटीला माणूस नाही. गावातली निवृत्त मंडळी पदरमोड करून, बिनपगारी हा हॉल चालवतात. भाड्यातून विजेचं बिल भागतं आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने खाल्लेल्या खिडक्या रंगवल्या जातात, बस.

नियमांचा कागद तुम्हाला ईमेलने पाठवला होता. सिलिंडर आत आणायचा नाही, असं त्यात ठळक लिहिलंय. तुमच्या आचाऱ्याने तो आणलाच. वर फोडणीच्या धुराने अलार्म वाजू नये म्हणून स्मोक डिटेक्टरला प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडने बांधली. पलीकडे साठ माणसं पाळणा म्हणत होती, त्यांत तान्ही मुलं! दुसऱ्या दिवशी हॉल चालवणाऱ्या समितीच्या बाईंनी ती पिशवी माझ्यापुढे धरली, तेव्हा मला हे कळलं.

वाढायला थर्माकोलच्या ताटल्या आणि प्लॅस्टिकचे चमचे. एकदा वापरून फेकायच्या या वस्तू पुरवायला वेल्समध्ये ३० ऑक्टोबर २०२३ पासून बंदी आहे. तुमच्या बर्मिंगहॅमलाही त्याच महिन्यापासून मिळताजुळता नियम आहे, तेव्हा ‘माहीत नव्हतं’ म्हणू नका. उरलंसुरलं अन्न, बाटल्या, पुठ्ठे सगळं एकाच काळ्या पिशवीत कोंबलेलं. इथे ६ एप्रिल २०२४ पासून अशा संस्थांनाही कचरा वेगवेगळा करूनच द्यावा लागतो. तो मी आणि माझ्या मेव्हण्याने रात्री अकरापर्यंत हातमोजे घालून निवडला.

आणि तो डाग. लाकडी फरशीवर, बॅडमिंटनच्या पांढऱ्या रेषेवरच, हळदीचा हातभर ओघळ. रविवारी सकाळी गेलो तर सत्तरीच्या दोन बायका गुडघे टेकून तो घासत होत्या. मला पाहून एकीने विचारलं, ‘पानेड?’ म्हणजे वेल्शमध्ये, चहा घेणार का! ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

समितीने माझं १५० पौंडांचं डिपॉझिट ठेवून घेतलं, आणि ते योग्यच आहे. ते तुम्ही मला चौदा दिवसांत भरून द्यावं. काम पुरेशी काळजी घेऊन करणं २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने तुमच्यावर बंधनकारक आहे. पैसे आले नाहीत तर मी दावा लावेन. शिवाय समितीला तुमच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, माफीचं पत्र पाठवा. दिवाळीसाठी मला याच हॉलची तारीख मागायची आहे.

तुमचं मोठं पातेलं आणि झारा तिथेच राहिलाय. बाईंनी दोन्ही घासून ठेवलेत. न्यायला याल तेव्हा आधी मला फोन करा, परस्पर जाऊ नका.

आपला,
बारशाचा यजमान