माफीच्या अर्जाने जुनी केस पुसली जात नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पोलीस भरतीची जाहिरात निघाली, सुरतेच्या किंवा पुण्याच्या कंपनीने चारित्र्य पडताळणी मागितली, पासपोर्टचा अर्ज अडकला, की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कोर्ट आवारात एकच प्रश्न ऐकू येतो : राज्यपालांकडे माफीचा अर्ज केला तर जुनी केस रेकॉर्डवरून निघेल का? कोणी तरी मोबाईलवर काढलेला मजकूर दाखवतो. तो बहुधा कॅनडाचा असतो. तिथे ठरावीक वर्षांनी नोंद बाजूला ठेवण्याचा कायदा आहे. आपल्याकडे प्रौढ माणसाच्या दोषसिद्धीची नोंद पुसण्याचा असा सर्वसाधारण कायदाच नाही. त्यामुळे अर्ज लिहून देण्याचे पैसे जातात, वर्ष-दोन वर्षे वाट पाहण्यात जातात आणि ज्या वाटेने काम झाले असते तिची मुदत टळून जाते.

आपल्याकडे ‘माफी’ हा शब्दच तीन कामांसाठी वापरला जातो. कोर्टात माफीचा साक्षीदार असतो, तुरुंगात शिक्षेतून कमी होणाऱ्या म्हणजे रिमिशनच्या दिवसांनाही माफी म्हणतात आणि तिसरी घटनेतली. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२ खाली राष्ट्रपती आणि १६१ खाली राज्यपाल दोषी ठरलेल्या माणसाची शिक्षा माफ, कमी किंवा स्थगित करू शकतात. राज्यपाल हा निर्णय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने घेतात. म्हणून अर्ज राज्यपालांच्या नावाने केला तरी कागद गृह विभागात जातात आणि तिथून चौकशीला परत जिल्ह्यात येतात. ‘दोषी ठरलेल्या’ हे शब्द नीट वाचा. खटला चालू असेल तर माफीचा प्रश्नच नाही, निर्दोष सुटला असाल तर माफी कशाची मागणार? आणि गुन्हा केंद्राच्या अखत्यारीतल्या कायद्याखालचा असेल तर राज्यपालांना अधिकारच नाही. भुसावळला साखळी ओढली आणि रेल्वे कायद्याच्या कलम १४१ खाली दंड झाला, तर मुंबईला पाठवलेला अर्ज वाया गेला.

समजा पूर्ण माफी मिळाली, तरी काय मिळते? शिक्षा आणि तिच्यामुळे येणारी अपात्रता एवढीच टळते. कोर्टाचा निकाल जागेवरच राहतो. इंदिरा गांधी हत्येत दोषी ठरलेल्या केहरसिंगच्या खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितले : माफीचा अधिकार वेगळ्या पातळीवरचा आहे, त्याने न्यायालयीन अभिलेखाला हात लागत नाही. खुनाबद्दल दोषी ठरलेले नौदल अधिकारी नानावटी यांना १९६४ साली राज्यपालांनी माफी दिली, पण त्यांना दोषी धरणारा १९६१ चा निकाल कायद्याच्या पुस्तकांत आजही तसाच छापलेला आहे.

मग अडते कुठे? आमच्या अनुभवात सर्वांत जास्त अडते ते दोनशे-पाचशे रुपयांच्या दंडापाशी. लग्नाच्या वरातीतला गोंधळ, महाराष्ट्र पोलीस कायदा कलम ११० सह ११७. हातभट्टी, दारूबंदीचे ६५ ई. मटक्याची चिठ्ठी, जुगार कायद्याचे १२ अ. तारखांना कंटाळलेल्या पोराला कोणी तरी सांगते, ‘कबूल कर, दंड भर, केस संपली.’ लोकअदालतीच्या दिवशी तर रांगच लागते. घरी येऊन तो सांगतो, ‘केस ते मिटी गयी.’ मिटली नाही. कबुली देऊन भरलेला दंड म्हणजे दोषसिद्धी. त्याच दिवशी शेजारच्या टेबलावर ज्याने फिर्यादीशी तडजोड केली त्याचा निकाल कायद्याने निर्दोष मुक्ततेचा धरला जातो (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहिता कलम ३२०, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम ३५९). दोघांच्या हातात सारखाच कागद, भरतीच्या वेळी मात्र दोघांची वाट वेगळी.

अशी कबुली देऊन झाली असेल तर अपील जवळपास बंद असते. फार तर शिक्षेचे प्रमाण किंवा तिची वैधता एवढ्यापुरते करता येते, आणि संक्षिप्त खटल्यात दंड दोनशे रुपयांच्या आत असेल तर तेही नाही. उरते ते सेशन कोर्टातले पुनरीक्षण, म्हणजे रिव्हिजन. मुदत ९० दिवस. उशीर झाला असेल तर तो माफ करण्याचा वेगळा अर्ज जोडावा लागतो आणि त्यात प्रत्येक महिन्याचे कारण द्यावे लागते, ‘माहीत नव्हते’ एवढ्याने भागत नाही. पाहायचे काय? आरोपीला गुन्ह्याचा तपशील समजावून सांगितला होता का आणि कबुली शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहून घेतली होती का. कायद्याची तशी अपेक्षा आहे. फाईलमध्ये छापील नमुन्यावर नुसती टिकमार्क असेल आणि आरोपी धडगाव-अक्कलकुव्याकडचा, पावरी किंवा भिलोरी बोलणारा असेल, तर मुद्द्यात जोर आहे.

त्याहून सोपा उपाय शिक्षा सुनावण्याच्या आधीचा आहे आणि तोच वकील मंडळींकडून विसरला जातो. पहिलाच गुन्हा असेल, शिक्षा दोन वर्षांच्या आतली असेल, तर अपराधी परिवीक्षा कायदा १९५८ च्या कलम ३ खाली दंडाऐवजी ताकीद मागा. कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची विनंती करा. या दोन्हींना कलम १२ चे संरक्षण आहे : दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. पाचशे रुपये दंडाला हे संरक्षण नाही! अर्थात कलम १२ ने दोषसिद्धी पुसली जात नाही, नोकरीतले खाते त्या वर्तनाची दखल घेऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये सांगितले आहे. पण दोन वाईटांतले हे बरेच बरे.

बांधावरच्या भांडणांचे गणित वेगळे. जुन्या भारतीय दंड संहितेची ३२३ (मारहाण), ५०४ (अपमान) ही कलमे फिर्यादी तयार असेल तर तालुक्याच्या कोर्टातच मिटतात. कुऱ्हाड, विळा, गज आला आणि ३२४ लागले (आता भारतीय न्याय संहिता ११८), की तडजोड तालुक्यात नोंदवता येत नाही. तेव्हा लोक काय करतात, तर फिर्यादी आणि साक्षीदार फितूर करतात. आरोपी सुटतो, पण निकालात ‘संशयाचा फायदा’ असे शब्द राहतात आणि पोलीस भरतीची छाननी समिती नेमके तेवढेच वाचते. सन्मानपूर्वक निर्दोष मुक्तता आणि साक्षीदार उलटल्यामुळे झालेली सुटका यांत नियुक्ती देणारा फरक करू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने एकापेक्षा जास्त निकालांत मान्य केले आहे. तडजोड खरी असेल तर सरळ उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून घ्यावा (फौजदारी प्रक्रिया संहितेचे पूर्वीचे कलम ४८२, आता नागरिक सुरक्षा संहितेचे ५२८). फिर्यादीचे प्रतिज्ञापत्र लागते, आणि बहुधा त्याला जातीने हजर राहून सांगावे लागते. आणखी एक : खान्देशासाठी हे काम छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात चालते, मुंबईला नाही. नाशिकच्या नातेवाइकाने मुंबईचा वकील सुचवला म्हणून इथल्याने तिकडे धावू नये, नाशिक जिल्हा मुंबईकडे आहे, आपण नाही.

आता पोलीस ठाण्यातल्या नोंदीबद्दल, कारण पत्र लिहिण्याचे मुख्य कारण ते आहे. कोर्टाने सोडले तरी पोलिसांच्या संगणकावर, म्हणजे सीसीटीएनएसमध्ये, गुन्हा ‘न्यायप्रविष्ट’ दिसत राहतो. निकालाची माहिती कोर्टाकडून ठाण्यात पोहोचते, ती भरायची राहते. पडताळणी करणारा कर्मचारी पडद्यावर दिसते ते लिहितो. यावर माफी नको, राज्यपाल नकोत, निकालाची एक नक्कल आणि ठाण्यात एक अर्ज पुरतो. मात्र अर्ज अचूक हवा. गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष, कलमे, खटल्याचा नंबर (आर.सी.सी. किंवा एस.सी.सी.), ई-कोर्टाचा सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर, निकालाची तारीख, अपील झाले की नाही. बहुतेक अर्ज फसतात ते गु.र.नं.च्या जागी खटल्याचा नंबर लिहिल्यामुळे. ठाण्याचे विभाजन झाले असेल तर गुन्हा नोंदवला त्या जुन्या ठाण्यात अर्ज द्यावा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला, तेव्हा त्याआधीच्या सेशन खटल्याची चौकशी आधी धुळ्याकडे करा. जुनी फाईल नियमाप्रमाणे नष्ट झाली असे उत्तर आले तर थांबू नका, खटल्यांच्या नोंदवहीच्या उताऱ्याची नक्कल मागा. अर्जाची एक प्रत पोलीस अधीक्षक कार्यालयात द्यावी आणि दोन्हीकडे आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा. शिक्क्याशिवाय दिलेला अर्ज म्हणजे विहिरीत टाकलेला दगड.

नावाचा घोळ खान्देशात जास्त. एका गावात त्याच नावाचे, वडिलांचेही तेच नाव असलेले तीन पाटील सापडतात, आणि एफआयआरमध्ये ‘ऊर्फ’ लावून टोपणनाव घातलेले असते. केस तुमची नसेलच तर जन्मतारखेचा पुरावा, आधार आणि त्या खटल्यातल्या आरोपीचे वय दाखवणाऱ्या दोषारोपपत्राची नक्कल एकत्र जोडा. नुसते ‘तो मी नव्हे’ म्हणून चालत नाही.

बोटांचे ठसे, फोटो घेतले असतील तर २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याखाली ते ७५ वर्षे ठेवले जातात. पण आधी शिक्षा झालेली नसेल आणि खटला न चालता सुटका झाली, दोषमुक्त केले किंवा सगळे अपील संपून निर्दोष ठरलात, तर ते नष्ट करायचे असतात. कोर्टाने कारण देऊन वेगळा आदेश केला असेल तरच अपवाद. राज्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे तशी मागणी करावी लागते. आपोआप होत नाही.

तपासातच प्रकरण बंद झाले असेल तर समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल, कोणती, ते पाहा. अ समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरावा मिळाला नाही. ब म्हणजे खोटी फिर्याद. क म्हणजे गैरसमजाने किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून दिलेली. ठाण्यातून ‘फाईल बंद’ एवढे ऐकून परतणाऱ्याने मॅजिस्ट्रेटच्या समरी मंजुरीची नक्कल घेतलेली नसते, आणि पुढे तीच लागते. पासपोर्टचे अडणे बहुधा शिक्षेपायी नसते, चालू खटल्यापायी असते. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे ज्या कोर्टात खटला आहे तिथेच परवानगी मागा, आणि आदेशात मुदत लिहून घ्या, नाहीतर एकाच वर्षाचा पासपोर्ट हातात पडतो.

नोंद खरोखर पुसण्याची एकच भक्कम वाट कायद्याने दिली आहे, ती गुन्ह्याच्या दिवशी १८ वर्षांखालच्या मुलांसाठी. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम २४ प्रमाणे अपात्रता लागत नाही, आणि अपिलाची मुदत किंवा ठरलेला काळ उलटल्यावर बाल न्याय मंडळाने अभिलेख नष्ट करण्याचा आदेश द्यायचा असतो. सोळा वर्षांवरच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढाप्रमाणे खटला चालून तो दोषी ठरला, तर हे लागू नाही. कलम ७४ प्रमाणे निकाली निघालेल्या प्रकरणाची माहिती पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी द्यायचीच नाही. आपण त्या वेळी अल्पवयीन होतो हा मुद्दा खटला संपल्यावरही मांडता येतो. पुरावा शाळेचा दाखला. इथे आमच्याकडची गंमत आडवी येते : अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जून. गुरुजींनी शाळेत घालताना लिहिलेला! तारखेवरच निकाल अवलंबून असेल तर ग्रामपंचायतीची जन्मनोंदही आधी शोधून ठेवा, दोन्हींत फरक असेल तर तो सरकारी वकिलाने काढण्याआधी आपल्याला माहीत हवा.

भरतीच्या साक्षांकन नमुन्यात फक्त ‘शिक्षा झाली का’ असे विचारलेले नसते. अटक, खटला, दंड, बंधपत्र, सगळे विचारलेले असते. म्हणजे चॅप्टर केसही (शांतता राखण्याच्या बंधपत्रासाठी पोलिसांनी केलेली प्रतिबंधक कारवाई) लिहायची, तिच्यात दोषसिद्धी नसली तरी. अवतारसिंग खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की किरकोळ प्रकरण लपवले तर नियुक्ती देणारा ते पोटात घालू शकतो, पण लपवणे हेच नोकरी जाण्याचे कारण होऊ शकते. दंडाच्या दोनशे रुपयांपेक्षा कोऱ्या सोडलेल्या रकान्याने जास्त नोकऱ्या घालवल्या आहेत, असे आमचे मत आहे.

तिन्ही जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांना आमची विनंती एवढीच : निकालानंतर महिनाभरात सीसीटीएनएसमध्ये अंतिम निकाल भरला गेला की नाही, हे प्रत्येक ठाण्याच्या मासिक आढाव्यात तपासावे. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी लोकअदालतीच्या मंडपात, कबुलीच्या रांगेजवळ, ‘कबुली म्हणजे दोषसिद्धी’ असा एक फलक मराठी, अहिराणी आणि पावरीत लावावा. महिला, मुले, कोठडीतले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. टेलिफोन क्रमांक १५१००.

आपले,
जळगाव, धुळे व नंदुरबार येथे फौजदारी काम करणारे काही वकील