वाचनालयाची पुस्तकं शनिवारपर्यंत द्या

नमस्कार मंडळी, मी आन् आमची ही पुढच्या महिन्यात मस्कतले शाळेत शिकवाले जाऊन रायलो, पण त्याच्या आधी रविवारपासून ५ दिवस गाडीनं शेगाव, लोणार अन् मंग चिखलदरा करून येतो, आपला विदर्भ एकदा डोळे भरून पाहून घेतो. तं ज्यायच्याकडं वाचनालयाची पुस्तकं हायेत त्यायनं शनिवारी संध्याकाळपर्यंत घरी आणून द्या बरं, रजिस्टर अन् चाव्या त्याच दिवशी नव्या मंडळीच्या हाती द्यायच्या हायेत. अन् पोरापोरींनो, बाहेर शिकवाले जायचं असन तं डिग्रीच्या अपॉस्टिलचं (म्हंजे परदेशात डिग्री खरी मानाले लागते तो सरकारी शिक्का) आधी पाहा, राज्याचा शिक्का झाल्यावर परराष्ट्र खात्याचं काम होते, आमचा भल्ला वेळ त्यातच गेला. पोलीस क्लिअरन्सचा (आपल्यावर गुन्हा नाई याच्या दाखल्याचा) अर्ज पासपोर्ट सेवेच्या वेबसाइटवर भरता येते.